डिजिटल प्रॉडक्ट डिझायनर : ऐकीव आणि खरं

‘चित्रकला चांगली आहे ना, मग यूएक्समध्ये (यूजर एक्स्पीरियन्समध्ये) जा,’ हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. त्यात तथ्य थोडंच. डिजिटल प्रॉडक्ट डिझायनरचा दिवस चित्रं काढण्यात कमी आणि ‘असं झालं तर काय?’ या प्रश्नात जास्त जातो. यूपीआयचंच घ्या. पैसे पोचल्याची हिरवी स्क्रीन कोणीही करेल. पण खात्यातून रक्कम वजा झाली, दुकानदाराला मिळाली नाही आणि व्यवहार ‘पेंडिंग’ दिसतोय, तेव्हा गल्ल्यासमोर उभ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं? पुन्हा पाठवा की थांबा? रक्कम आपोआप परत येईल की तक्रार करायची? त्या दोन ओळी लिहायच्या तर मागची यंत्रणा कशी चालते, हे आधी इंजिनिअरकडून समजून घ्यावं लागतं. पगार मिळतो तो या कामाचा.

स्क्रीन आखायचं फिग्मा हे सॉफ्टवेअर शिकलं की झालं, हा दुसरा समज. आधी फोटोशॉप होतं, २०१० मध्ये स्केच आलं, २०१६ मध्ये फिग्मा सर्वांसाठी खुलं झालं. आता तर एआय एका वाक्यावरून स्क्रीन काढून देतं. हत्यार बदलतच राहणार.

पदवीचं काय? डिझाइन शिकवणारी अहमदाबादची एनआयडी किंवा पवईच्या आयआयटीतलं १९६९ पासूनचं आयडीसी, इथलं शिक्षण उत्तमच. पण त्यावाचून अडत नाही. वास्तुविशारद, इंजिनिअर, पत्रकार असे कुठून कुठून लोक या कामात आलेत. चार आठवड्यांच्या सर्टिफिकेटवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही.

नवशिक्यांची खरी गफलत पोर्टफोलिओत होते. एखादं नामांकित ॲप घ्यायचं, रंग बदलायचे आणि ‘रीडिझाइन’ म्हणून मिरवायचं. त्या कंपनीच्या अडचणी आपल्याला ठाऊकच नसतात. त्यापेक्षा गावच्या पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज घ्या आणि तो मोबाइलच्या स्क्रीनवर मांडा. इंग्रजीवर बेतलेल्या चौकटीत मराठी मजकूर टाकला की वेलांटी वरून कापली जाते, उकार खालून. बटणावरचा शब्द दुसऱ्या ओळीत घसरतो. ओळींमधलं अंतर आणि बटणाची रुंदी वाढवून हे सुधारलंत आणि का सुधारलं ते लिहिलंत, तर मुलाखतीत बोलायला काहीतरी असेल.

वापरकर्त्यांकडून चाचणी म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले, असंही म्हणतात. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की पाच जणांकडून वापरून घेतलं तरी बहुतेक ठळक अडचणी दिसतात. टक्केवारी काढायला पाच माणसं पुरत नाहीत, एवढं भान ठेवा.

नोकरी लागल्यावर टिकायचं तर मॅनेजरच व्हायला हवं, हेही खरं नाही. अनेक मोठ्या कंपन्यांत प्रिन्सिपल डिझायनरपर्यंत हातानं काम करत वर जाता येतं. मागे पडतात ते स्क्रीन इंजिनिअरच्या हवाली करून मोकळे होणारे. ॲप बाजारात गेल्यावर किती जणांनी अर्ज अर्धवट सोडला, कुठल्या रकान्यापाशी सोडला, हे महिन्याभरानं स्वतःहून विचारा. पोर्टफोलिओत तो आकडाही लिहा, वाईट असला तरी.