कानबाईच्या दिवशी ताज

पहाटे ४. कल्याण स्टेशन. रविवार, १५ ऑगस्ट २०१०. काल नागपंचमी झाली, म्हणजे त्यानंतरच्या रविवारी, आज, चाळीसगावला घरी आमची खानदेशातली देवी कानबाई बसणार. सगळे भाऊबंद गोळा झाले असतील. मी सीएसटीची लोकल धरतो.

सकाळी ६. ताज हॉटेल. हजेरी, मग युनिफॉर्म. आज उशिरा कुणीच नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर हॉटेलचा टॉवर महिन्याच्या आत, २१ डिसेंबरला सुरू झाला. पण जमशेदजी टाटांनी १९०३ साली उघडलेली जुनी पॅलेसची इमारत आगीत होरपळली होती. ती आज उघडतेय.

७. सहावा मजला. इथली आग सगळ्यात वाईट. जनरल मॅनेजर करमबीर कंग यांची पत्नी आणि दोन्ही मुलं याच मजल्यावर गेली; ते मात्र पाहुण्यांना बाहेर काढत राहिले. या मजल्यावर अजूनही मी हळू चालतो.

खोलीत नवा रंग, नवी पॉलिश. नळ बराच वेळ वाहू देतो. चादरीचे कोपरे दाबून बसवतो. काच दोनदा पुसतो, समुद्राची खार लगेच धरते. कानबाईच्या आधी आई घराला चुना देते आणि मग दारामागे हात फिरवून बघते, कारण घाई केलेली तिथेच सापडते. मीही दारामागेच आधी हात फिरवतो. बोटाला धूळ लागली. पुन्हा पुसलं.

१२. कॅन्टीन. आईचा फोन. "जेवना का रे?" मग म्हणाली, "तुना नावनी सव्वा मूठ टाकी दिधी." घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, दळणात पडतो, तो घरी असो वा नसो. घास हातातच राहिला.

दुपारी ४. ड्युटी संपली, पण कुणाचा पाय निघत नाही. हल्ल्यात गेलेल्यांच्या स्मारकापाशी उभा राहिलो. ३१ नावं. त्यातल्या काहींच्या शेजारी बसून मी जेवलोय.

रात्री ९. परतीची लोकल. आईनं फोन देव्हाऱ्यापाशी धरला; बायकांची कानबाईची गाणी गाडीच्या खडखडाटात तुटक ऐकू आली. उद्या सकाळी विसर्जन, ते हुकणार. रोट मात्र पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा असतो. पौर्णिमा २४ तारखेला, आणि मला शुक्रवारपासून रजा मिळालीय. माझा वाटा आई फडक्यात बांधून ठेवणार आहे.