लुचणं, गिळणं आणि मधला श्वास

बाळंतिणीच्या खोलीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच निकाल लागतो. ‘बाळ आळशी आहे, ओढतच नाही,’ नाहीतर ‘हिलाच दूध नाही.’ दोन्ही निकाल घाईचे. आपण ज्याला नुसतं ‘अंगावर पिणं’ म्हणतो, त्यात बाळाला लुचणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन कामांचा मेळ घालावा लागतो. ही तिन्ही कामं बाळाला एकदम येत नाहीत.

सगळ्यांत आधी येतं गिळणं. गर्भ तीन महिन्यांचा होत आला की भोवतीचं पाणी गिळू लागतो. चोखणं त्यानंतर, चौथ्या महिन्याच्या सुमारास. सोनोग्राफीत तोंडात अंगठा दिसतो तो तेव्हापासून. दिवस भरत आलेलं बाळ रोज अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी गिळतं आणि लघवीवाटे परत सोडतं. म्हणून रिपोर्टात ‘पाणी जास्त’ असं आलं की डॉक्टर आईची साखर तपासतात, तसंच बाळाची अन्ननलिका मध्येच बंद नाही ना, हेही पाहतात. वाट बंद असेल तर पाणी पोटात जायचं कसं?

पोटात असताना प्राणवायू नाळेतून मिळतो, त्यामुळे घोट घेताना श्वास सांभाळायची कटकट नसते. जन्मल्यावर मात्र एकाच घशातून हवाही जाते आणि दूधही. तान्हं बाळ गिळता गिळता श्वासही घेऊ शकतं, असा एक जुना समज आहे. तो खरा नाही. प्रत्येक घोटाला त्याचा श्वास क्षणभर थांबतो. हा मेळ गर्भाच्या ३४ व्या आठवड्याच्या आसपास बसू लागतो आणि पक्का व्हायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात. ३० व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ बोट छान चोखत असलं तरी त्याला नळीनेच दूध देतात, ते यासाठी. पुढे वाटी-चमचा किंवा चोचीची पळी येते, म्हणजे आपलं बोंडलंच. मधल्या दिवसांत दूध काढून घेतलेल्या स्तनाशी त्याला नुसतं लुचू देतात. सराव होतो, ठसका लागत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाला पिताना एकदा नीट बघा. आधी ते भराभर लुचतं, सेकंदाला साधारण दोनदा. पान्हा सुटला की लय निम्म्यावर येते आणि गिळण्याचा बारीक आवाज येऊ लागतो. मग ते थांबतं. ‘झोपलं वाटतं’ म्हणून लगेच तळपायाला टिचक्या मारल्या जातात. पुष्कळदा ते बिचारं दम घेत असतं. दूध दाबून निघतं असं आपल्याला वाटतं, पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली सोनोग्राफीने पाहिलं, तेव्हा जीभ खाली जाऊन तोंडात पोकळी झाली की धार येते असं दिसलं. तोंड घट्ट बसलं तरच ही पोकळी टिकते. त्यासाठी स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जायला हवा. पहिल्या दिवसांत चीक थोडाथोडाच येतो, त्याची घरच्यांना केवढी काळजी! मला वाटतं, नवशिक्याला बारीक धारच बरी.

घट्ट पदार्थ गिळणं हा पुढचा धडा. लहान बाळाच्या जिभेवर काही ठेवलं की ती ते बाहेर ढकलते. ही प्रतिक्रिया चार ते सहा महिन्यांत ओसरते. आपल्याकडे उष्टावण सहाव्या महिन्याच्या आसपास करतात, ते इथे नेमकं जुळतं.

घरी बोंडल्याने पाजायची वेळ आलीच, तर बाळाला आडवं ठेवून धार सोडू नका. डोकं उंच धरा, थोडंसं ओता, घोट गेलेला दिसला की मगच पुढचं. आणि पिताना ओठ निळसर पडत असतील किंवा कपाळाला घाम फुटत असेल, तर बाळाला आळशी ठरवत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.