नाथ पै विधेयक : कायदा अडतो तो कुठे?

७ एप्रिल १९६७, शुक्रवार. चौथ्या लोकसभेची निवडणूक नुकतीच झाली होती. राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी त्या दिवशी लोकसभेत राज्यघटनेच्या कलम ३६८ मध्ये दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ते विरोधी बाकांवर होते, प्रजा समाजवादी पक्षाचे. सरकार इंदिरा गांधींचे होते आणि विधेयक सरकारचे नव्हते. पुढे जवळजवळ चार वर्षे देशभरातले वकील, न्यायाधीश आणि खासदार त्याला ‘नाथ पै विधेयक’ म्हणत राहिले. ते मंजूर झाले नाही. मंजुरीच्या मतदानापर्यंतही पोचले नाही.

मालवणात नाथ पैंच्या नावाचे सेवांगण आहे. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या माणसाच्या वक्तृत्वाच्या आठवणी आपल्याकडे अजून निघतात, मात्र या विधेयकाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. दिल्लीत एखादा कायदा वर्षानुवर्षे का रखडतो हे समजून घ्यायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. आणि त्याचा आपल्या जमिनीशी थेट संबंध होता, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. खोत गावाचा सारा वसूल करून सरकारात भरायचा आणि कुळाच्या उत्पन्नातला मोठा वाटा स्वतःकडे ठेवायचा. ही पद्धत बंद करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत विधेयक मांडले. तेही खासगी विधेयकच होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. विधेयक तरीही पुढे सरकले नाही. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्यानंतर. त्याआधी १९४८ मध्ये कुळकायदा आला होता. हे कायदे होताच जमीनमालक न्यायालयांत जाऊ लागले, कारण मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत मोडत असे. म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट जोडले आणि त्यात १३ कायदे ठेवून त्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येणार नाही अशी तरतूद केली. त्या १३ कायद्यांत मुंबईचा कुळकायदा होता आणि खोती निर्मूलनाचा कायदाही होता.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. खटला पंजाबातल्या जमिनीचा होता. अकरा न्यायाधीशांपैकी सहा एका बाजूला, पाच दुसऱ्या. बहुमताचे म्हणणे असे की, झालेल्या घटनादुरुस्त्या तशाच राहतील, पण यापुढे मूलभूत हक्कांना कात्री लावणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. म्हणजे खोती गेली ती गेली, पण तशा आणखी सुधारणांसाठी पुन्हा घटना बदलायची वेळ आली तर दार बंद. नाथ पैंना हे मान्य नव्हते. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला घटनेतले कोणतेही कलम ठरलेल्या पद्धतीने बदलता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत त्यांनी विधेयक मांडले.

इथून पुढची वाट अवघड होती.

मंत्री नसलेल्या खासदाराच्या विधेयकाला आपल्याकडे खासगी किंवा अशासकीय विधेयक म्हणतात, मग तो खासदार सत्ताधारी पक्षाचा असला तरी. त्याची नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते. घटना बदलणारे विधेयक असेल तर ते मांडण्याआधी त्यासाठीच नेमलेली समिती तपासते. मग त्याला वेळ मिळतो तो शुक्रवारी, दिवसाच्या अखेरचे अडीच तास. तेही दर शुक्रवारी नाही, कारण एका शुक्रवारी विधेयके आणि दुसऱ्या शुक्रवारी ठराव असा पाळीचा क्रम असतो. चर्चा अर्धी राहिली तर पुढच्या पाळीला. अधिवेशन संपले तर पुढच्या अधिवेशनात. बरेच खासदार शुक्रवारी दुपारीच मतदारसंघाकडे निघालेले असतात आणि सभागृह ओसाड पडते. स्वातंत्र्यानंतर संसदेने मंजूर करून कायदा झालेली खासगी विधेयके फक्त १४, आणि त्यातले शेवटचे १९७० चे.

नाथ पै विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने साक्षी घेतल्या, अहवाल दिला आणि विधेयक परत लोकसभेत आले. खासगी विधेयकाला इतके मिळणेसुद्धा दुर्मीळ. पण समितीने मार्ग मोकळा केला तरी मतांचा आकडा मोकळा होत नाही.

साधा कायदा हजर सदस्यांच्या साध्या बहुमताने होतो. घटनादुरुस्तीला दोन अटी आहेत : सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. विधेयक विचारात घ्यायचे तेव्हा हे बहुमत लागते, प्रत्येक कलमाला लागते आणि अखेरच्या मंजुरीलाही लागते. आवाजी मतदान चालत नाही, मते मोजावी लागतात. हे सगळे दोन्ही सभागृहांत वेगवेगळे. रापण ओढताना दोन्ही दोरांवर माणसे लागतात, एका बाजूने कितीही जोर केला तरी जाळे वाळूला लागत नाही, इथेही तसेच. साध्या विधेयकावर दोन सभागृहांचे पटले नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी तशी बैठक झाली, नंतर १९७८ मध्ये आणि २००२ मध्ये. घटनादुरुस्तीला ही सोय नाही. आणि कलम ३६८ लाच हात लावायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही हवी. नाथ पैंचे विधेयक नेमके त्या कलमाचे होते.

आता आकडे बघा. १९६७ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ५२० जागांपैकी काँग्रेसला २८३ मिळाल्या. सगळे हजर राहिले तर दोन तृतीयांशासाठी ३४७ मते लागणार. काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याने हात वर केला तरी ६४ कमी. काँग्रेसमध्येच एकमत नव्हते, आणि १९६९ मध्ये तो पक्ष फुटल्यावर सरकारच इतरांच्या पाठिंब्यावर उभे राहिले.

ही अट किती काटेकोर आहे ते सप्टेंबर १९७० मध्ये सगळ्या देशाने पाहिले. संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेने मंजूर केली. सावंतवाडी हे आपल्याच भागातले संस्थान, त्यामुळे विषय इथल्यांना परका नव्हता. तीन दिवसांनी राज्यसभेत मतदान झाले : बाजूने १४९, विरुद्ध ७५. एकूण २२४, त्यांचे दोन तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक तृतीयांश. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने दुरुस्ती पडली.

नाथ पै विधेयकाच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र आकड्यांच्या पलीकडची आहे. त्या वादात खासदार आपापल्या पक्षाच्या रांगेत उभे नव्हते. विरोधी पक्षाच्या खासदाराने विधेयक आणले आणि त्याला बळ मिळाले ते मुख्यतः सत्ताधारी बाकांवरून. स्वतंत्र पक्षाचा विरोध होता, कारण तो मालमत्तेच्या हक्काचा कैवारी. पण दुसऱ्या टोकाला, समाजवाद्यांमध्येच, मधू लिमये यांचाही विरोध होता. त्यांना जमीनदारांची काळजी नव्हती. नागरिकाचे हक्क संसदेतल्या बहुमताच्या मर्जीवर सोडायला ते तयार नव्हते. एकीकडे संसदेवर विश्वास ठेवणारे नाथ पै, दुसरीकडे बहुमताला लगाम हवा म्हणणारे लिमये. दोघे मराठी, दोघे समाजवादी, दोघे गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेले. अशा वादात चार वर्षे गेली तर ती वाया गेली असे मी मानत नाही. घटनादुरुस्तीचे विधेयक थांबावे आणि प्रत्येकाला आपली बाजू शब्दांत मांडावी लागावी, यासाठीच ती अट घातलेली आहे.

२७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा बरखास्त झाली. लोकसभा संपली की तिच्यापुढे पडून असलेली सगळी विधेयके संपतात, आणि तिने मंजूर करून राज्यसभेकडे पाठवलेलीही संपतात. जी राज्यसभेत मांडली गेली आणि लोकसभेपर्यंत आलीच नाहीत तेवढी वाचतात. महिला आरक्षणाचे विधेयक १९९६ पासून असेच पुन्हापुन्हा बारगळत गेले. २००८ मध्ये ते मुद्दाम राज्यसभेत मांडले आणि २०१० मध्ये तिथे मंजूरही झाले, पण लोकसभेत ते मतदानालाच आले नाही आणि २०१४ मध्ये पुन्हा संपले. अखेर २०२३ मध्ये नवे विधेयक आले तेव्हा लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी मते पडली. इतक्या जणांना हवे होते तर सत्तावीस वर्षे कशी लागली, हा प्रश्न पडलाच पाहिजे. विधेयक कुणी पाडले नव्हते. मतदानच होऊ दिले नव्हते.

नाथ पै विधेयकही असेच लोकसभेबरोबर गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पैंचे निधन झाले. ते अवघे ४८ वर्षांचे होते.

मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसने ५१८ पैकी ३५२ जागा जिंकल्या. दोन तृतीयांशाला ३४६ लागत होत्या. पुढचे सगळे झपाट्याने घडले. चोविसावी घटनादुरुस्ती २८ जुलैला मांडली, ४ ऑगस्टला लोकसभेत मंजूर, ११ ऑगस्टला राज्यसभेत, मग राज्यांची संमती आणि ५ नोव्हेंबरपासून लागू. नाथ पैंना चार वर्षांत जे जमले नाही ते लोकसभेने आठवड्यात केले. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सात विरुद्ध सहा मतांनी, घटना कुठेही बदलता येईल पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही, असा निकाल दिला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, बेचाळिसावी दुरुस्ती आली तेव्हा विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात होते. लिमयेही होते, आणि नाथ पैंच्या जागी राजापूरहून निवडून आलेले मधू दंडवतेही होते. लिमयांना वाटणारी भीती खरी ठरली होती.

त्यानंतर एक मोठा बदल झाला. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेश मोडून मत दिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर खासदारकी जाऊ शकते. आयाराम-गयाराम थांबवण्यासाठी हे हवे होते यात शंका नाही. पण पक्षादेशाचा फास सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता न ठेवता कोणत्याही विधेयकाला लावला गेला, आणि ही चूक होती असे माझे ठाम मत आहे. खासगी विधेयकांवर पक्ष सहसा आदेश काढत नाहीत. सरकारी विधेयकांवर काढतात, आणि देशाचे जवळजवळ सगळे कायदे तिथेच होतात. भाषण ऐकून मत बदलायची मोकळीक तिथल्या खासदाराला राहिलेली नाही.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या लोकांना याहून वेगळी एक अडचण परिचयाची आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. तिथे महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंतचे पाणी केंद्राचे. तिथे आपल्या नौकांनी कसे मासे मारावेत याचा सर्वंकष कायदा करण्यासाठी मसुदे तयार झाले. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनाच्या कामकाजात भारतीय सागरी मत्स्यव्यवसाय विधेयकाचे नाव होते, पण मच्छीमार संघटनांचा विरोध झाला आणि विधेयक मांडलेच गेले नाही. पारंपरिक मच्छीमार, पर्ससीनवाले, परराज्यांतल्या ट्रॉलरचे मालक, किनाऱ्यावरची राज्य सरकारे या सगळ्यांचे म्हणणे ऐकून भांडण नोंदवायची जागा संसद आहे. विधेयक सभागृहात आलेच नाही तर समिती नाही, साक्ष नाही आणि कोण कुणाच्या बाजूचा याची नोंदही नाही. ही अडवणूक मला जास्त घातक वाटते.

समितीच्या टप्प्याकडे म्हणूनच लक्ष ठेवायला हवे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. समितीची बैठक बंद दाराआड होते आणि तिथे पक्षादेश चालत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या पक्षांचे खासदार अजूनही एका टेबलावर बसून कलमे बदलतात. विधेयक समितीकडे गेले की बहुतेक वेळा वर्तमानपत्रांत जाहिरात येते आणि ठरलेल्या मुदतीत कुणालाही लेखी निवेदन पाठवता येते. मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिलेले पत्रही चालते. प्रत्यक्ष साक्ष द्यायची असेल तर त्याच पत्रात तसे लिहावे लागते, आणि कुणाला बोलवायचे ते समिती ठरवते.