शिळी वही पाहून ताजा सौदा

कापडाच्या पेठेत आमची तीस वर्षे गेली. गादीवर बसल्यावर वडीलधाऱ्यांनी पहिली नसीहत दिली ती अशी की, दुसऱ्याच्या गोदामात किती गाठी आहेत ते पाहून आपला माल भरू नये. त्याने तो कोणत्या भावाने घेतला, कोणाच्या ऑर्डरीसाठी घेतला, हे गोदामाचे दार सांगत नसते.

आम्ही ही नसीहत विसरलो आणि किंमत मोजली. एका बड्या व्यापाऱ्याने सूत भरल्याची खबर दलालाने आणली म्हणून आम्हीही भरले. मागाहून कळले की खबर दीड महिन्याची शिळी होती, आणि आमच्याकडे आलेल्या गाठी त्याच व्यापाऱ्याच्या गोदामातून निघाल्या होत्या.

हे आठवण्याचे कारण आमचा भाचा. परवा तो मोबाईल घेऊन आला. "मामू, अमेरिकेच्या बड्या फंडांनी या तिमाहीत एका बायोटेक कंपनीचे शेअर उचललेत. आपणही थोडे घेऊ या?" रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. त्यामुळे हा प्रश्न आता आमच्यासारख्यांच्या घरातही येतो, आणि पैसा असतो मुलीच्या शिक्षणाचा किंवा घराच्या बांधकामाचा. म्हणून या खबरीची जात काय, ते आधी पाहू.

अमेरिकेत १९७५ साली कायद्यात दुरुस्ती झाली. १० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थांना दर तिमाहीची यादी तिथल्या रोखे आयोगाकडे द्यावी लागते. तिला 'तेरा-एफ' म्हणतात. मुदत तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांची. यादीत शेवटच्या दिवशी हातात असलेले शेअर आणि त्यांची त्या दिवसाची किंमत असते. कोणत्या तारखेला घेतले, काय भावाने घेतले, हे नसते. शेअर पडेल असे समजून आधीच विकून ठेवण्याचा जो सौदा असतो, तोही या यादीत येत नाही. म्हणजे वहीची जमेची बाजू दिसते, नावेची झाकलेली राहते.

औषधाच्या धंद्यात हा उशीर फार महागात पडतो. बायोजेन या अमेरिकी कंपनीचे उदाहरण घ्या. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर रोगावर तिचे एक औषध चाचणीत होते. चाचण्यांना यश येण्याची शक्यता नाही म्हणून कंपनीने २१ मार्च २०१९ रोजी त्या थांबवल्या. त्या एका दिवसात शेअर सुमारे २९ टक्क्यांनी कोसळला, ३२० डॉलरच्या आसपासचा २२७ च्या आसपास आला.

आता तारखा जुळवून पाहा. ३१ डिसेंबर २०१८ ची यादी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आली. तीत बड्या संस्थांची नावे पाहून ज्याने शेअर घेतला, त्याला महिनाभरात हा फटका बसला. पुढची यादी ३१ मार्चची, तिची मुदत १५ मे. तीत एखाद्या फंडाचे शेअर कमी दिसले, तर त्याने ते २१ मार्चच्या आधी ३२० ला विकले की नंतर २२७ ला? पहिला शहाणा ठरतो, दुसरा घाबरलेला. यादीत मात्र दोघांची ओळ सारखीच दिसते!

कहाणी इथेच थांबली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने सांगितले की आकडे पुन्हा तपासले, औषधाच्या मंजुरीसाठी अर्ज करू. शेअर एका दिवसात सुमारे २६ टक्के चढला. ७ जून २०२१ रोजी मंजुरी मिळाली, तेव्हा ३८ टक्के. आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ते औषध बंद करत असल्याचे जाहीर केले. हे सारे चढउतार खबर आली त्याच दिवशी झाले. तिमाहीची यादी दर वेळी मागून पोहोचली.

दुसरी गोष्ट, मोठ्या संस्थेची खरेदी म्हणजे कंपनीला दिलेली पसंतीच, असे नव्हे. इंडेक्स फंडाला निर्देशांकात जे आहे ते घ्यावेच लागते. काही बायोटेक फंड सर्व कंपन्यांना जवळपास सारखा हिस्सा देतात आणि दर तिमाहीला तो पुन्हा सारखा करतात. म्हणजे जो शेअर चढला तो थोडा विकायचा, जो पडला तो थोडा घ्यायचा. यात कंपनीच्या औषधाचा विचारच नसतो. कधी गुंतवणूकदारांनी फंडातून पैसे मागितले म्हणूनही शेअर विकावे लागतात. उधारी फेडण्यासाठी आपण चांगला माल काढतो, तसेच हे.

आपल्याकडेही नोंदणीकृत कंपनीला भागधारकांचा तपशील तिमाही संपल्यावर २१ दिवसांत द्यावा लागतो. एक टक्का वा अधिक हिस्सा असणाऱ्यांची नावे त्यात येतात. मुदत कमी आहे, पण वही शिळीच.

मग ही यादी निरुपयोगी समजावी काय? तसे नाही. सात-आठ तिमाह्यांच्या याद्या ओळीने लावल्या तर कोण टिकून आहे, कोण आत-बाहेर करतो, हे कळते. शेअर चार हातांत अडकला आहे की शंभर हातांत विखुरला आहे, हेही कळते. गिऱ्हाइकाची पत आपण अशीच जुन्या वह्यांवरून ठरवतो. पण आजचा भाव जुन्या वहीवरून कोणी ठरवत नाही.

भाच्याला आम्ही तीन प्रश्न विचारले. कंपनीचे औषध चाचणीच्या कोणत्या टप्प्यावर आहे? तिच्याकडची रोकड किती दिवस पुरेल? आणि चाचणी फसली, रक्कम निम्मी झाली, तर घरातले कोणते काम अडेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तो शोधून आणणार आहे. तिसऱ्याला मात्र तो गप्प झाला. ते उत्तर कोणत्याही फंडाच्या यादीत सापडायचे नाही. ते ज्याने त्याने आपल्या घरच्या वहीत पाहावे, आणि मगच सौदा करावा.