सागाच्या पानातला न दिसणारा प्रकाश

भाद्रपदात मेळघाटातले नाले अजून वाहत असतात, जमीन ओली असते आणि तरी सागाचे कित्येक उतार करपलेले दिसतात. हे काम पान खाणाऱ्या अळीचे. पानातला हिरवा गर ती खाते आणि शिरांची जाळी तेवढी मागे ठेवते. हे संकट नागपुरात बसून, उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखता येईल का?

भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला आणि महाराष्ट्राचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र त्याच वर्षी नागपुरात सुरू झाले. त्याआधी, १९७० मध्ये, शास्त्रज्ञ पिशरोटी यांनी केरळातली माडाची रोगट झाडे हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपून या विद्येची आपल्याकडे सुरुवात केली होती.

पानातले हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषते. पण ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे, जिथे आपली नजर संपते, तिथल्या अवरक्त पट्ट्यात निरोगी पान जवळजवळ निम्मा प्रकाश परत फेकते. पानाच्या आतल्या सैल पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो उधळतात. झाडावर ताण आला आणि हरितद्रव्य घटले की लाल पट्ट्यातले शोषण कमी होते. पुढे १६०० नॅनोमीटरच्या आसपास पानातले पाणी प्रकाश गिळते, म्हणून सुकत चाललेले पान तिथे अधिक उजळ दिसते. लाल आणि अवरक्त या दोन पट्ट्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हिरवाईचा निर्देशांक मिळतो.

सपाट शेतात हा आकडा बराच विश्वासार्ह आहे. सातपुड्यात तो फसवतो. मेळघाटातले वैराट शिखर १,१७८ मीटर उंच, भोवती खोल दऱ्या. रिसोर्ससॅट उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. डिसेंबरात तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो आणि वायव्येचे उतार सावलीत बुडतात. भागाकाराने सावलीचा दोष कमी होतो, पुरता जात नाही. शिवाय दक्षिणेकडचा उतार जास्त ऊन खातो, आधी सुकतो, त्याचा सागही आधी पानगळ करतो. म्हणजे समोरासमोरच्या दोन उतारांतला फरक काही खरा, काही नुसता उजेडाचा. त्यांची एकमेकांशी तुलना मला धोक्याची वाटते. प्रत्येक उतार त्याच्याच मागल्या वर्षांशी, त्याच आठवड्यात ताडून पाहावा.

ऋतूचे भानही हवे. फेब्रुवारी-मार्चमधला उघडा साग आजारी नसतो. त्याच सुमारास कुसुमाची कोवळी लालबुंद पालवीही निर्देशांकाला गोंधळात टाकते, कारण पान जिवंत असूनही हिरवे नसते.

अळीची गोष्ट आणखी अवघड, कारण ती ज्या दिवसांत चरते त्या दिवसांत आभाळ झाकलेले असते. ऑक्टोबरात आकाश मोकळे होते तेव्हा चित्रात घसरलेला आकडा दिसतो, त्यामागचे कारण दिसत नाही. ते वनखात्याच्या बीटगार्डने उतारावर जाऊन पाहावे लागते. सागाच्या पानाची जाळी झाली असेल आणि शेजारचे तेंदू, ऐन हिरवेच असतील तर बहुधा अळी. तेही पिवळे पडले असतील तर आधी पाण्याचा ताण तपासावा.