संचालक मंडळ आणि हजेरीपट

बांधकाम आणि सल्लासेवा असे दोन्ही व्यवसाय करणाऱ्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय कंपनीचे वरिष्ठ नेतृत्व पाहावे, पदांची यादी साधारण सारखीच निघते. मुख्य कार्यकारी अधिकारी, वित्तप्रमुख, प्रकल्पप्रमुख, कायद्याची बाजू सांभाळणारे, मनुष्यबळ पाहणारे, आणि अलीकडे पर्यावरणाचे खाते. मनुष्यबळवाल्यांकडे पगारपत्रकावरची माणसे असतात. सळई बांधणारा, सेंटरिंग ठोकणारा, काँक्रीट ओतताना रात्रभर व्हायब्रेटर धरणारा बहुधा त्यांच्याकडे नसतोच. तो पेटी कॉन्ट्रॅक्टरचा, किंवा त्याच्याही खालच्या मुकादमाचा असतो. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या नांदूरघाटहून हा सगळा कारभार पाहिला तर ही रिकामी जागा चटकन नजरेत भरते, कारण केज, धारूर, वडवणी, पाटोदा या बालाघाटावरच्या तालुक्यांचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या मुकादमाभोवती फिरत आले आहे. माझे म्हणणे असे की, बांधकाम कंपनीचे नेतृत्व किती समर्थ आहे हे त्या मंडळींच्या पदव्यांवरून कळत नाही. मंडळाची खोली आणि मजुराचे नाव यांच्यामध्ये किती हात आहेत, यावरून ते कळते. हात वाढत गेले की नेतृत्वाला आपल्याच कामाची खबर उशिरा लागते, आणि कधी कधी ती पोलीस ठाण्यातून लागते.

याचा महाराष्ट्रातला सर्वांत जुना आणि ठसठशीत पुरावा बोरघाटात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये खंडाळ्याचा चढ बांधायला घेतला, तेव्हाची रचना आजच्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांना अनोळखी वाटणार नाही. लंडनमध्ये सल्लागार अभियंता म्हणून रॉबर्ट स्टीफन्सनसारखे नाव, मुंबईत मुख्य अभियंता जेम्स बर्कली, ठेका विल्यम फॅव्हिएलकडे, त्याच्याखाली उपठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सगळ्यांत खाली देशभरातून आलेले मजूर. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढायचे होते, सह्याद्रीचा कातळ फोडायचा होता. आराखडे उत्तम होते, बर्कलीच्या कर्तबगारीविषयी शंका नाही. तरीही १८५९ च्या जानेवारीत घाटात दंगल उसळली, आणि तिचे कारण कातळ नव्हता. मजुरी थकली होती. ठेकेदाराने मोजलेले पैसे उपठेकेदारांच्या हातून खाली पुरते पोहोचत नव्हते. काही आठवड्यांत फॅव्हिएलने ठेका सोडला. त्याच सुमारास सरकारला मालक आणि मजूर यांच्यातल्या तंट्यांसाठी १८६० चा कायदा करावा लागला. रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांवरची मजुरी हाच त्याचा विषय होता.

पुढची हकीकत मराठी वाचकांना फारशी सांगितली गेलेली नाही, म्हणून जरा थांबतो. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि १८५९ संपण्याआधीच आजारपणाने गेला. ठेका त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने हाती घेतला. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या काम जाणणाऱ्या दोघांकडे तिने जागेवरचा कारभार सोपवला. १८६१ च्या सुमारास घाटात ४२ हजारांपर्यंत माणसे राबत होती, आणि एप्रिल १८६३ मध्ये घाट रेल्वेसाठी खुला झाला. रोगराई आणि अपघातांनी जीव किती घेतले याचा हिशेब भयानक आहे, तेव्हा अ‍ॅलिसला देवत्व देण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. कातळ तोच, हवामान तेच. बदल झाला तो ठेक्याच्या मधल्या थरात, आणि अडलेले काम मार्गी लागले. नेतृत्व म्हणजे वरची चार नावे असा समज बोरघाटाने १६० वर्षांपूर्वीच खोटा पाडला होता.

दुसरा पुरावा बीडच्या अगदी शेजारचा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद बांधकामात शिरले ते लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबर. फाटक हे रेल्वेतले माजी कारकून. बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांचे येडशीकडचे काम या भागीदारीच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी होते. वालचंदांकडे व्यापारी घराण्याची पत आणि हिंमत होती. फाटकांकडे रेल्वेचे बिल कसे पास होते, मोजमाप कसे घेतात, खडी कोण पुरवतो याची बित्तंबातमी होती. म्हणजे मराठी मुलखातल्या पहिल्या मोठ्या बांधकाम उद्योगाच्या नेतृत्वात दोनच खुर्च्या होत्या आणि त्यातली एक जागेवरच्या माणसाची होती. याच धाग्यातून पुढे १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी (एचसीसी) उभी राहिली. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू तिने बांधला, त्याला सल्ला बैरूतमध्ये जन्मलेल्या दार अल-हंदसा या कंपनीचा होता, आणि पुढल्याच वर्षी एचसीसीने स्वित्झर्लंडच्या स्टाइनर कंपनीत मोठा हिस्सा घेतला. कारकून-भागीदाराची खुर्ची या वाटचालीत केव्हा नाहीशी झाली, याची तारीख सांगता येत नाही, कारण ती कोणी काढून घेतली नाही. कामाचा आवाका वाढला, बँका आणि सल्लागार वाढले, आणि जागेची माहिती ‘रिपोर्ट’ होऊन वर जाऊ लागली.

आता बीडकडचा ऊसतोडीचा हिशेब जवळून पाहू. साखर कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला उचल देतो, मुकादम ती कोयत्यांत वाटतो. इथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामभर किती टन तोडला त्याची नोंद मुकादमाच्या वहीत. शेवटी टनाचा दर लावून उचल वळती केली जाते, आणि हिशेब फिटला नाही तर बाकी पुढच्या हंगामाला अंगावर राहते. कारखान्याच्या खात्यावर मुकादमाचे नाव असते, कोपीत राहणाऱ्या जोडीचे नसते. शोषणाची ही जुनी चौकट, तिचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. पण तिच्यातही एक बाब अशी आहे जी कोट्यवधींच्या बांधकाम कंपन्यांत आढळत नाही: दर ठरवायला साखर संघ आणि ऊसतोड मजूर-मुकादमांच्या संघटना समोरासमोर बसतात. २०२४ च्या जानेवारीत अशाच वाटाघाटींतून तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. संप, मोर्चे, लवाद, राजकारण, सगळे होते. पण टेबल होते. सेंटरिंगच्या चौरस फुटाचा दर ठरवायला कोणत्या कंपनीचे वरिष्ठ मंडळ कोणत्या मजूर संघटनेसमोर बसते?

याच मुलखाला दुसरी पद्धतही ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव आणि रस्ते करायला मराठवाड्यातली गावेच्या गावे कामावर गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. त्या कामावर हजेरी सहायक असे, हजेरीपटावर प्रत्येकाचे नाव असे आणि अंगठा असे. बोगस हजेऱ्या लागल्या, त्यांची प्रकरणे गाजली, हे खरेच. मात्र ती प्रकरणे उघडकीस येऊ शकली ती पटावर नावे होती म्हणूनच. मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी उचलली हे सिद्ध करता येते. ‘लेबर, ठोक’ एवढीच ओळ बिलात असेल तर सिद्ध करायला काही उरतच नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवस्थापनशास्त्राकडून येईल. आंतरराष्ट्रीय कंपनीच्या शिखरावरच्या माणसाने भांडवल, जोखीम आणि दहा वर्षांपुढचा बाजार पाहायचा की कुणाची हजेरी तपासायची? हा आक्षेप वजनदार आहे, पण लंडनने त्याला उत्तर दिले आहे. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी उभारलेल्या उद्यानाच्या मुख्य बांधकामात एकही कामगार दगावला नाही. तिथले व्यवस्थापन सीएलएम या भागीदारीकडे होते आणि तिच्यात मेस ही लंडनचीच बांधकाम-सल्ला कंपनी होती. त्या कामावर सुरक्षितता, आरोग्य आणि पर्यावरण यांसाठी वेगळा नेतृत्वगट होता, आणि त्यात ठेकेदार कंपन्यांचे प्रकल्पप्रमुखच बसत. दुय्यम सुरक्षा अधिकाऱ्याला पाठवून भागत नसे. भांडवल आणि जोखीम पाहणारी माणसेच मचाणाच्या कठड्याबद्दल बोलत होती, आणि त्यामुळे बाजाराकडे त्यांचे दुर्लक्ष झाल्याचे कुणी म्हटलेले नाही.

आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईत मजुरांच्या टंचाईबद्दल तक्रार केली. कल्याणकारी योजनांमुळे लोक बाहेरगावी कामाला यायला राजी नसतात, हे त्यांचे विधान गाजले आणि त्यावर टीकाही झाली. त्याच भाषणातला अधिक महत्त्वाचा भाग मात्र बातम्यांच्या गदारोळात हरवला. एका वेळी सुमारे चार लाख मजूर लागतात, वर्षात तीन-चार वेळा माणसे बदलतात, म्हणून कंपनीने मजुरांसाठी मनुष्यबळाचे वेगळे खाते ठेवले आहे, असे ते म्हणाले. टंचाईच्या त्यांच्या निदानाशी माझे जुळत नाही. वर्षातून तीन-चारदा माणसे सोडून जातात त्याचे कारण रेशनच्या धान्यात शोधण्यापेक्षा राहण्याच्या पत्र्याच्या खोलीत आणि थकलेल्या हिशेबात शोधावे. ऊसतोड मजूर उचल घेऊन सहा महिने परमुलखात उसाच्या पाचटाच्या कोपीत काढतो, तो काही घर सोडायला नाखूश असतो असे नाही. पण शिखरावरच्या माणसाला हा आकडा तोंडपाठ आहे आणि त्यासाठी स्वतंत्र खाते आहे, ही गोष्ट माझ्या मुद्द्याच्याच बाजूची आहे.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. यंत्रे आली, आता मजूर राहतीलच किती? बाबूराव शिर्के यांचे उदाहरण इथे दोन्ही बाजूंना लागू पडते. वाईजवळच्या पसरणीचा हा मुलगा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडला, १९४४ मध्ये स्वतःची कंपनी काढली, आणि पुढे स्वीडिश सिपोरेक्स तंत्राने हलक्या काँक्रीटचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर जोडायची पद्धत रुजवली. त्यांच्या कंपनीने इराकमध्येही घरे बांधली. काम जागेवरून कारखान्यात गेले, मजूर मात्र नाहीसा झाला नाही. तो छपराखाली, ठरलेल्या पाळीत आणि हजेरीच्या नोंदीत आला. यंत्र म्हणजे मजुराला विसरण्याची मुभा, असा अर्थ काढणाऱ्यांनी समृद्धी महामार्गावरचा अपघात आठवावा. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ सरलांबे येथे गर्डर बसवणारे अवाढव्य यंत्रच कोसळले आणि २० जण मेले. ते काम मुख्य ठेकेदाराने विशेष तंत्र असलेल्या दुसऱ्या कंपनीला दिलेले होते. यंत्र जितके मोठे, तितकी मधल्या हातांची साखळी लांब.

तिसरा आक्षेप असा की यासाठी कायदे आहेतच, आणि तो मला सर्वांत कमकुवत वाटतो. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे १९७० च्या कायद्यातच होते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याणकारी मंडळे आणली, त्यांच्यासाठी उपकर आला. सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना कायम नसलेल्या कामगारांचीही माहिती द्यायला लावली आहे. पण कल्याणकारी मंडळाकडे नोंद करायची तर मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि पेटी कॉन्ट्रॅक्टर तो द्यायला नाखूश असतो, कारण दाखला दिला की माणूस आपला होता हे कबूल होते. कायदा वरच्याला जबाबदार धरतो आणि खालच्याकडे कागद मागतो. मधल्या जागेत दोघेही सापडत नाहीत.

ही मधली जागा रिकामी राहिली की तिथे आणखी कोण शिरते, हे केज तालुक्याने फार जवळून पाहिले आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीच्या कामावर मागितलेल्या खंडणीतून हे प्रकरण उद्भवले असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे, म्हणून दोषाविषयी इथे काही लिहिणे योग्य नाही. कंपन्यांच्या नेतृत्वासाठी मात्र यात निकालाची वाट न पाहता विचारावा असा प्रश्न आहे. प्रकल्पाचा दरवाजा, सुरक्षारक्षक, जमिनीचा भाडेकरार, मुरूम टाकणारी हायवा, स्थानिक ठेका, हे सगळे ‘साइटवाले बघतील’ या सदरात ढकलले, तर साइटवर धमकी आलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने फोन कुणाला करायचा? बहुतेक कंपन्यांच्या रचनेत त्याच्या वर प्रकल्प व्यवस्थापक, मग विभागप्रमुख, मग मुंबई किंवा दिल्ली. गावात मात्र तोच कंपनी असतो.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि गाडी बीडला पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. परळीपर्यंतचा पुढचा टप्पा आहे, रस्त्यांची आणि पवनचक्क्यांची कामे आहेत, त्यांवर देशी-परदेशी सल्लागार येतील. या कामांच्या निविदेत बोलीदाराच्या वरिष्ठ मंडळींचे अनुभवपत्र मागतात. कोणी किती पूल बांधले ते त्यात असते. त्याच निविदेत आणखी एक रकाना घालायला कोणतेही नवे कायदे लागणार नाहीत: मागच्या तीन कामांवर एकूण किती मजूर होते, त्यांतल्या किती जणांना ९० दिवसांचा दाखला दिला, आणि त्याखाली कंपनीच्या कोणत्या संचालकाची सही आहे.