एकवीस चिंचोके आणि एक ‘का?’

२१ चिंचोके मांडा. दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती, तो जिंकला.

सुरुवातीला मुले अंदाजाने खेळतात. मग कुणाच्या तरी ध्यानात येते, की समोरच्यापुढे चार चिंचोके ठेवले की तो अडकतो. त्याने एक उचलला तर आपण तीन, दोन उचलले तर दोन, तीन उचलले तर एक. इथून मुले उलट दिशेने विचार करू लागतात : चार अडचणीचे, मग आठही, तसेच १२, १६ आणि २०. म्हणजे पहिल्याने एकच चिंचोका उचलावा आणि पुढे दर फेरीत दोघांचे मिळून चार होतील असे पाहावे. डाव त्याचाच!

हा ‘निम’ खेळाच्या कुळातला सोपा प्रकार. अमेरिकी गणिती चार्ल्स बूटन यांनी १९०१ मध्ये निमची संपूर्ण उकल मांडली. स्वतः शोधून शिकण्याचे महत्त्व मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६१ मध्ये अधोरेखित केले.

निरीक्षण, अंदाज, पडताळा आणि सिद्धता या साऱ्या पायऱ्या मूल इथे स्वतः चढते. उकल सापडली की नियम बदला : शेवटचा चिंचोका उचलेल तो हरला. आता २१ चिंचोक्यांवर दुसरा खेळाडू हमखास जिंकू शकतो. का, ते मुलांनाच शोधू द्या.

शिक्षकांनो, पालकांनो, उत्तर सांगायची घाई करू नका, ‘का?’ एवढेच विचारा आणि थांबा.